विश्वस्तांचे हात कायद्याने कसे बांधले गेले

ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, तेव्हा सार्वजनिक न्यासांवर (ट्रस्टवर) देखरेख करणारा धर्मादाय आयुक्त नावाचा अधिकारीच अस्तित्वात नव्हता. भारतीय न्यास अधिनियम १८८२ चा होता, पण तो खासगी न्यासांपुरता. धर्मादाय आणि धार्मिक देणग्या त्यातून मुद्दाम वगळल्या होत्या. त्यातली तत्त्वं मात्र सार्वजनिक विश्वस्तांनाही लावली गेली: स्वतःच्या मालमत्तेइतकीच काळजी घ्यायची, काम दुसऱ्यावर सोपवून मोकळं व्हायचं नाही, न्यासाची मिळकत स्वतः विकत घ्यायची नाही.

ही तत्त्वं विश्वस्तांनी मोडली तर करायचं काय? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९२. हितसंबंध असलेल्या दोघांनी अॅडव्होकेट जनरलची (सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याची) संमती काढून दावा लावायचा. तोवर जमीन विकली गेलेली असायची.

१९३५ च्या मुंबई कायद्याने नोंदणी आणि हिशेबतपासणी आणली. खरा बदल १९५० च्या मुंबई सार्वजनिक न्यास अधिनियमाने झाला; धर्मादाय आयुक्त आले ते यातूनच. (नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ यायला २०१२ ची दुरुस्ती लागली.) लगेच आव्हान मिळालं, रतिलाल गांधी खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग उचलून धरला, पण धार्मिक संस्थेवर खुद्द आयुक्तांनाच विश्वस्त नेमण्यासारखी टोकाची तरतूद टिकली नाही. देखरेख चालेल, ताबा नाही, अशी ती रेघ होती.

विश्वस्तांना सर्वाधिक बोचणारं या कायद्याचं कलम ३६. स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल, बक्षीस. शेतजमिनीचा १० वर्षांहून आणि बिगरशेती जमीन वा इमारतीचा ३ वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा. आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय यातलं काहीच वैध नाही. निकष एकच: न्यासाचं हित, लाभ किंवा संरक्षण. म्हणून अर्जासोबत ठराव, मूल्यांकन अहवाल, जाहिरात देऊन मागवलेल्या निविदा आणि विक्रीची गरज दाखवणारे हिशेब जोडायचे. घोळ होतो तो क्रमात. विश्वस्त आधी बिल्डरकडून बयाणा घेतात, करारावर सह्या करतात आणि मग अर्ज करतात. अशा वेळी निविदा हा देखावा ठरतो. २०१७ च्या दुरुस्तीने मागाहून मंजुरीची वाट ठेवली खरी, पण अपवादात्मक परिस्थितीसाठी: निकड, बाजारभावाहून कमी नसलेली किंमत, नोंदणीकृत दस्त आणि विश्वस्तांचा वैयक्तिक फायदा नसणं, हे दाखवावं लागतं. विसरभोळेपणाला ती पळवाट नाही.

१९७१ च्या दुरुस्तीने आणखी दोर आवळले: कर्ज काढायलाही पूर्वमंजुरी (कलम ३६-अ), मालमत्तेची नोंदवही (३६-ब), आयुक्तांचे निर्देश (४१-अ) आणि गैरकारभार करणाऱ्या विश्वस्ताचं निलंबन वा बडतर्फी (४१-ड).

रोजच्या कामात मात्र जास्त संस्था अडकतात त्या कलम २२ मध्ये. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदल नोंदवण्यासाठीचा अहवाल) द्यायचा: सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र. एक रिपोर्ट राहिला की पुढचे सगळे लटकतात, कारण नव्यांना निवडणाऱ्यांचीच नोंद नसते. शेड्यूल एकच्या उताऱ्यावर (न्यासाच्या अधिकृत नोंदीच्या नकलेवर) दिवंगतांची नावं तशीच राहतात, आणि बँक सह्या बदलायला नेमका तोच उतारा मागते. मग विलंबमाफीचा अर्ज करून सर्वांत जुन्या बदलापासून रांगेने सुरुवात करावी लागते.

नवी मुंबईत आणखी एक पदर आहे. इथल्या अनेक संस्थांचे भूखंड सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचे. न्यासाचा हक्क पट्टेदाराचा असला तरी तो न्यासाची मिळकतच. त्यामुळे हस्तांतर करायचं तर सिडकोची परवानगी वेगळी आणि कलम ३६ ची वेगळी. एक हातात आली म्हणून दुसरी टळत नाही.