द्रवरूप धातू-ऑक्साइडांचे रहस्य

धातूचे ऑक्साइड म्हटले की सहजासहजी न वितळणारा घन पदार्थ डोळ्यांसमोर येतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. मॅग्नेशियम ऑक्साइड वितळायला सुमारे २८५० अंश सेल्सिअस तापमान लागते, म्हणूनच भट्ट्यांच्या अस्तराच्या विटांत ते वापरतात. मँगनीज हेप्टॉक्साइड मात्र गडद हिरवट, तेलकट द्रव असून ते गोठवायचे तर तापमान ६ अंशांच्या खाली न्यावे लागते. त्याच मँगनीजचे साधे मोनॉक्साइड १८०० अंशांपर्यंतही घनच राहते.

हा फरक ऑक्सिडीकरण अवस्थेमुळे पडतो. मोनॉक्साइडात मँगनीजची ही अवस्था +२ असते, तर हेप्टॉक्साइडात +७. बंधातील इलेक्ट्रॉन पूर्णपणे ऑक्सिजनचेच आहेत असे धरून मांडलेला हा हिशेब आहे. एखाद्या अणूवर खरोखरच सात धनप्रभार असतात, असा त्याचा अर्थ नव्हे, आणि नेमके इथेच उत्तर दडलेले आहे. अवस्था +२ असताना धातूचा आणि ऑक्सिजनचा आयन (विद्युतप्रभारित अणू) एकमेकांना घट्ट धरून अखंड स्फटिकजालक बांधतात, आणि ते मोडायला प्रचंड उष्णता लागते. +७ अवस्थेतील लहानसा धातू-अणू मात्र ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन इतक्या जोराने स्वतःकडे ओढतो की बंध सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा होतो आणि सुटे रेणू तयार होतात. रेणूंमधील आकर्षण क्षीण असल्याने पदार्थ लवकर वितळतो. हेप्टॉक्साइडाच्या बाबतीत तर जरा तापवताच स्फोटाची भीती असते.

क्रोमियममध्ये हाच क्रम रासायनिक स्वभावातही उतरतो : +२ चे ऑक्साइड आम्लारिधर्मी, +३ चे उभयधर्मी (आम्ल आणि आम्लारी अशा दोन्हींशी अभिक्रिया करणारे), तर +६ चे आम्लधर्मी. +३ चे हिरवे ऑक्साइड २४०० अंशांच्या आसपास वितळते, +६ चे गडद लाल ऑक्साइड २०० अंशांच्या आतच. ऑस्मियमचे +८ अवस्थेतील टेट्रॉक्साइड तर ४० अंशांना वितळते आणि त्याआधीच त्याची विषारी, उग्र वासाची वाफ पसरू लागते. ग्रीक भाषेतील ‘वास’ या अर्थाच्या शब्दावरून त्या धातूचे नाव पडले ते यामुळेच.

तरीही केवळ अवस्थेच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. टंगस्टनचे ट्रायऑक्साइडही +६ चेच, पण ते वितळते सुमारे १४७० अंशांना. टंगस्टनचा अणू मोठा असल्याने त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन अणू मावतात, शेजारच्या टंगस्टन अणूंशी ते वाटून घेतले जातात, आणि सुट्या रेणूंऐवजी सलग जाळेच तयार होते.