जुन्या विनोदी मालिकांतलं हसू: सगळंच टेपवरचं नाही

वर्षानुवर्षं फिरणारा एक समज असा: जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांमध्ये ऐकू येणारं हसू सगळं यंत्रातलं, म्हणजे आधी टेपवर घेऊन ठेवलेलं असतं, समोर प्रेक्षक नसतातच.

असं वाटणं साहजिक आहे, कारण तसं यंत्र खरोखरच होतं. 'द फ्लिंटस्टोन्स' ही तर कार्टून मालिका. तिच्या चित्रीकरणाला प्रेक्षक कुठून येणार? तरी तिच्यात हसू आहे. ते नक्कीच वरून जोडलेलं.

पण 'आय लव्ह लूसी' (१९५१ पासून) स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी, फिल्मवर चित्रित होत असे. १९५५ चा हॉलिवूडचा भाग बघा. लूसी मंडळी सिनेनट बघायला ब्राउन डर्बी रेस्टॉरंटात जातात. तिथे एका नटासमोर लूसीची फजिती होते. पुढे तोच नट हॉटेलवर येतो, तेव्हा ओळख लपवायला ती खोटं नाक लावते. सिगारेट पेटवताना त्या नाकाचा शेंडाच पेटतो आणि ती तो कॉफीच्या कपात बुडवते!

हा प्रसंग डोळे मिटून ऐका. हसू एकदम सुरू होऊन एकदम थांबत नाही. ओसरतं, पुन्हा उसळतं. मग आवाज बंद करून बघा: कलाकार पुढचं वाक्य रोखून धरतात, हसू ओसरायची वाट पाहतात. नंतर चिकटवलेल्या हसण्यासाठी इतकं अचूक थांबणं फार अवघड. मला तरी हा पुरावा सगळ्यात पटतो.

काही मालिकांत खऱ्या हसण्याला यंत्राची जोडही दिली जाई. म्हणून प्रत्येक मालिका वेगळी तपासावी लागते.