मेथीचे मोड आणि खुला जीनोम

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत, विशेषतः हॅम्बुर्गच्या आसपास, रक्ती जुलाबाच्या रुग्णांची रीघ लागली. अनेकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. ही गुंतागुंत सहसा लहान मुलांत दिसते. इथे मात्र धडधाकट मोठी माणसं, त्यातही बायका जास्त. साथ ओसरेपर्यंत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. जंतू होता ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचा ओ१०४:एच४ हा वाण.

हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयाने त्याचा डीएनए चीनमधल्या बीजीआय या संस्थेकडे पाठवला. तिथे तीन दिवसांत तो तुकड्यातुकड्यांनी वाचला गेला आणि २ जूनला कच्चा डेटा सगळे हक्क सोडून इंटरनेटवर टाकला गेला. एरवी असा डेटा शोधनिबंध छापून येईपर्यंत कुलपात राहतो. निष्कर्ष दुसऱ्यानेच आधी काढला तर काय, ही धास्ती खोटी नाही; नोकरी आणि अनुदान निबंधांवरच मिळतं.

चोवीस तासांत बर्मिंगहॅममधल्या एका शास्त्रज्ञाने ते तुकडे जुळवून जंतूचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, मांडला. मग देशोदेशीचे लोक कामाला लागले, बरेचसे आपणहून, आणि जे सापडेल ते लगेच सर्वांपुढे ठेवू लागले. आतड्याला चिकटून राहणाऱ्या एका ई. कोलायमध्ये विषाणूमार्फत शिगा या, मूत्रपिंडांना इजा करणाऱ्या विषाचं जनुक शिरलं होतं. त्याचा जवळचा नातलग मध्य आफ्रिकेतल्या एका रुग्णात पूर्वी सापडला होता. त्या नातलगाचा जीनोम आधीच सार्वजनिक साठ्यात होता, म्हणून तर हे नातं चटकन कळलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धागा हाच.

पण जंतू कशातून आला, हे जीनोमने सांगितलं नाही. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला आणि तिथले शेतकरी हकनाक बुडाले. खरा माग लागला तो साध्या चौकशीतून. गिऱ्हाइकांना नेमकं काय खाल्लं ते आठवेना, म्हणून एका हॉटेलात कोणी काय मागवलं आणि त्या पदार्थांत काय पडतं हे आचाऱ्याकडून तपासलं. संशय कच्च्या मोडांवर आला. पुढे माग इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोचला. (आपण मोडांची उसळ शिजवतो; तिकडे ते सॅलडमध्ये कच्चेच पडतात.)

म्हणूनच जीनोमसोबत नमुना कधी, कुठून, रुग्णातून की अन्नातून घेतला, याची नोंद लागते. मात्र तारीख आणि गाव दोन्ही नेमकं दिलं, तर छोट्या गावातला रुग्ण लगेच ओळखू येतो. अशा वेळी महिना आणि जिल्हा एवढ्यावर भागवावं लागतं.