विषारी ऑक्सिजनच्या माऱ्यात परजीवी टिकतात कसे?

मलेरियाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरला की तिथलं हिमोग्लोबिन खाऊ लागतो. दोनेक दिवसांत त्यातला अर्ध्याहून अधिक साठा तो संपवतो. पण हे अन्न त्याच्याच जिवावर उठणारं आहे. प्रथिनाचा भाग पचतो, लोह असलेला हीम मात्र मोकळा होतो. हे लोह ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतं, त्यातून सुपरऑक्साइड तयार होतो आणि त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्याची ही रसायनं नासधूस करतात. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण.

परजीवी हीमचा बराचसा भाग हिमोझोइन नावाच्या निरुपद्रवी स्फटिकांत बांधून टाकतो. उरलेल्या धोक्याला तोंड देतात त्याची एन्झाइम्स. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करतं. इथवर त्याचं आणि आपलं सारखंच. पुढे आपल्या पेशींत कॅटलेज त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. मलेरियाच्या परजीवीकडे कॅटलेज नाहीच! ते काम तो पेरॉक्सिरेडॉक्सिन गटातल्या एन्झाइम्सकडून करून घेतो. एवढ्यावरही त्याचं भागत नाही. ज्या रक्तपेशीत तो राहतो, तिचंच पेरॉक्सिरेडॉक्सिन तो आत ओढून घेऊन वापरतो. यजमानाचीच ढाल पळवण्याचा हा प्रकार मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतो.

या रासायनिक ओढाताणीचा ठसा माणसाच्या जनुकांवरही उमटला आहे. ज्यांच्या रक्तपेशींत जी६पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्या पेशींना पेरॉक्साइडशी झुंजणं जड जातं. अशी कमतरता खरं तर दोषच, पण तिच्यामुळे गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. म्हणूनच मलेरियाग्रस्त प्रदेशांत ती इतकी आढळते. आर्टेमिसिनिन हे औषधही याच दुखऱ्या जागेवर घाव घालतं. त्याच्या रेणूत पेरॉक्साइडचा पूल असतो. हीममधल्या लोहाशी गाठ पडताच तो तुटतो आणि त्यातून निघणारे क्रियाशील रेणू परजीवीची प्रथिनं निकामी करतात. या औषधाच्या शोधासाठी तू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं.

काळ्या आजाराचा लेश्मानिया त्याहून धाडसी. जंतूंना गिळून त्यांच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करणं हे मॅक्रोफेज पेशींचं काम, आणि हा राहतो नेमका त्यांच्याच आत. आपल्या पेशी ग्लुटाथायोन या छोट्या रेणूवर विसंबतात. लेश्मानिया आणि त्याचे भाऊबंद ट्रिपॅनोसोम असे दोन ग्लुटाथायोन स्पर्मिडीनने जोडून ट्रिपॅनोथायोन बनवतात. ॲलन फेअरलॅम्ब आणि अँथनी सेरामी यांनी 1985 मध्ये त्याची रचना उलगडली. हा रेणू इलेक्ट्रॉन पुरवत राहतो, त्यांच्या जोरावर पेरॉक्साइड निष्प्रभ होतं आणि ट्रिपॅनोथायोन रिडक्टेज हे एन्झाइम वापरलेला रेणू पुन्हा ताजातवाना करतं. माणसात हे एन्झाइम नाही. काळ्या आजारावरच्या जुन्या अँटिमनी औषधांचा एक घाव याच व्यवस्थेवर पडतो.

रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षं राहणाऱ्या शिस्टोसोमा कृमीची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे वापरलेलं ग्लुटाथायोन आणि त्याच्यासारखंच इलेक्ट्रॉन पुरवणारं थायोरेडॉक्सिन हे छोटं प्रथिन पुन्हा ताजंतवानं करायला दोन स्वतंत्र एन्झाइम्स आहेत, तर या कृमीत दोन्ही कामं एकच एन्झाइम करतं. म्हणजे ते एक बंद पडलं की दोन्ही वाटा बंद. संधिवातावरचं सोनंयुक्त औषध ऑरॅनोफिन हे एन्झाइम रोखतं आणि प्रयोगशाळेत त्याने कृमी मरतात.

मग ट्रिपॅनोथायोन रिडक्टेजवर नेम धरणारं नवं औषध अजून रुग्णांपर्यंत का पोहोचलं नाही? एक अडचण या एन्झाइमच्या आकारातच आहे. त्याची क्रियास्थळाची खाच एवढी रुंद आहे की लहान रेणू तिथे घट्ट बसत नाही. दुसरी अधिक चिवट आहे: एन्झाइमची थोडीशी क्रिया शिल्लक राहिली तरी परजीवीचं भागतं, त्यामुळे ते जवळजवळ पूर्णपणे बंद पाडावं लागतं.