लोखंड कापताना ब्लेड नेमकं कशाने जळतं?

“ब्लेड कार्बाइडचं आहे ना? मग लाव सुताराच्या मशीनला आणि हळूहळू दाबत काप.” फॅब्रिकेशनच्या, म्हणजे लोखंड कापून-जोडून वस्तू बनवायच्या, कामात हा सल्ला नेहमी ऐकू येतो. (कार्बाइड म्हणजे ब्लेडच्या दातांचा अतिशय कठीण पदार्थ.) गंमत म्हणजे त्यातलं ‘लाव’ही चुकीचं आणि ‘हळूहळू’ही.

लाकडासाठीच्या हातातल्या सर्क्युलर सॉमध्ये, म्हणजे गोल ब्लेडच्या विजेच्या करवतीत, 185 मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला साधारण 5,500 फेरे घेतं. दातांचा वेग होतो सेकंदाला 53 मीटर, म्हणजे ताशी 190 किलोमीटर. लोखंडासाठी बनवलेल्या सॉमध्ये याच मापाचं ब्लेड 3,500 ते 4,000 फेऱ्यांवर चालतं. 3,500 धरले तरी दात मिनिटाला 2,000 मीटर धावतो. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातायच्या यंत्रावर, कार्बाइडचं टूल माइल्ड स्टीलवर (साध्या, मऊ पोलादावर) मिनिटाला शंभर-दोनशे मीटरने चालवतात. मग सॉचा दात त्याच्या दसपट वेगात टिकतो कसा?

तो लोखंडात फारसा नसतोच! ब्लेडचा परीघ 581 मिलिमीटर. समजा लोखंडी पाइप कापतोय, तर त्याच्या भिंतीतून दाताची वाट पाचेक मिलिमीटरची. एका फेरीच्या 17 मिलिसेकंदांपैकी जेमतेम 0.15 मिलिसेकंद तो धातूत असतो, बाकी वेळ हवेत. शिवाय धातू कातरला जाताना निर्माण होणारी बहुतेक उष्णता चिपमध्येच, म्हणजे कापून निघणाऱ्या धातूच्या बारीक तुकड्यातच, असते, आणि ती मागे झिरपायच्या आत चिप उडून जाते. म्हणून चांगल्या ड्राय कटनंतर (पाणी-तेल न वापरता कापल्यावर) पाइपचं तोंड फारसं तापलेलं नसतं, चिप मात्र अंगावर पडली की चटका देते.

पण त्यासाठी चिप निघायला हवी. 36 दातांचं ब्लेड 3,500 फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला 2,100 दात येऊन जातात. सॉ सेकंदाला 20 मिलिमीटर पुढे सरकवला, तर एका दाताच्या वाट्याला मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे सुमारे 10 मायक्रॉन येतो. 5,500 फेऱ्यांवर तो सहा मायक्रॉन होतो. हात निम्म्याने हळू केला, तर तीन. दाताची धार कितीही तीक्ष्ण दिसली तरी सूक्ष्मदर्शकाखाली ती गोलसर असते, आणि त्या गोलाईची त्रिज्याही काही मायक्रॉनच असते. घास तिच्यापेक्षा फारच पातळ झाला की दात कापत नाही, रेटतो. रंध्याचं पातं पुरेसं बाहेर काढलं नाही की रंधा फळीवरून नुसता घसरतो, तसंच. फरक असा की इथे उष्णता वाहून न्यायला चिपच नाही, त्यामुळे ती दातातच मुरते.

रमफर्ड या शास्त्रज्ञाने म्यूनिकमध्ये तोफा कोरताना हेच मुद्दाम केलं होतं. बोथट हत्याराने धातू घासत ठेवला आणि अडीच तासांत भोवतीचं पाणी उकळलं. त्याचा निबंध 1798 सालचा. उष्णता हा पदार्थ नसून गती आहे, हे त्याला त्यातून दाखवायचं होतं.

दात तापला की केवळ मऊ पडतो असंही नाही. टंगस्टन कार्बाइडमधला कार्बन आणि टंगस्टन गरम लोखंडात विरघळू लागतात, म्हणजे पोलाद दाताला अक्षरशः खातं. टायटॅनियमची संयुगं लोखंडात इतक्या सहज विरघळत नाहीत, म्हणून स्टीलच्या चांगल्या ब्लेडना सर्मेटचे, म्हणजे अशी संयुगं धातूत बांधून केलेले, दात असतात. ॲल्युमिनियमची तक्रार निराळी आहे. ते कार्बाइडला खात नाही, दाताला चिकटतं. योग्य ब्लेड आणि थोडं मेण असेल, तर लाकडाचा सॉही त्यावर चालतो.

लाकडाच्या सॉला घासून कापणारी डिस्क लावणं मात्र नकोच. तिच्या ठिणग्या म्हणजे हवेत जळणारे लोखंडाचे कण, आणि गार्डच्या (ब्लेडवरच्या संरक्षक आवरणाच्या) आत भुसा साचलेला! त्याहून वाईट म्हणजे मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या मार्बल कटरला दातांचं ब्लेड. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू जरूर वाहा, पण गार्ड काढून लिंबू-मिरची बांधल्याने बोटं वाचत नाहीत.

स्टेनलेसवर तर भीत भीत दाबणं सगळ्यांत महाग पडतं. 304 या नेहमीच्या ग्रेडसारखं स्टेनलेस रेटलं की जागीच कडक होतं, आणि पुढच्या दाताला तो कडक झालेला थर कापावा लागतो.