कॅमेऱ्यामागे हजार भारतीय? किस्सा अर्धाच खरा

‘अ‍ॅमेझॉनच्या बिनकॅशियर दुकानांत एआय वगैरे काही नव्हतं, भारतात बसलेली हजार माणसं कॅमेऱ्यात बघून बिल करायची’ हा किस्सा २०२४ पासून फिरतोय. चविष्ट आहे, पण अर्धवट. छतावरचे कॅमेरे आणि फळीतले वजनाचे सेन्सर मिळून कोणी काय उचललं ते ठरवतात. डबा परत ठेवला, तर तो बिलातून वजा होतो. दोघं खेटून उभे राहिले, वस्तू भलत्याच फळीवर गेली, की यंत्र गोंधळतं. असे प्रसंग माणसं नंतर व्हिडिओवर तपासत. म्हणजे माणसं होती, थेट पाळत नव्हती. किती खरेद्या तपासाव्या लागत, हा खरा वाद: २०२२ मध्ये हजारातल्या ७००, असं बातमीत होतं, कंपनीने ते साफ नाकारलं. हे तंत्र काढून टाकलं ते अ‍ॅमेझॉनच्या ‘फ्रेश’ या अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानांतून. स्टेडियम-विमानतळांवरच्या छोट्या दुकानांत ते त्यानंतरही चालू राहिलं.