रामदरबाराचं ‘कंपनीचं नाणं’: खरं काय?

आपल्या नाशकात कित्येक देव्हाऱ्यांत तांब्याचं एक जाड नाणं दिसतं. एका बाजूला रामदरबार, दुसरीकडे ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’. हे कंपनीचं चलन, लाखोंना विकलं जातं, असं वर्षानुवर्षं सांगतात. हे खरं नाही.

जरा भिंगाखाली धरा. मूल्य लिहिलंय एक आणा. पण ब्रिटिश हिंदुस्थानात एक आण्याचं नाणं चलनात आलं ते सातव्या एडवर्डच्या काळात, १९०७ साली, आणि तेही तांबं-निकेलचं. तोवर कंपनीचं राज्य संपून जवळपास पन्नास वर्षं झाली होती! देव्हाऱ्यातलं नाणं म्हणजे पूजेसाठी पाडलेली रामटंका. श्रद्धेनं जरूर जपा. पण ‘विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

खरा इतिहास बघायचाय तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचं नाणे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलाय, आणि काहींवर त्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो.